दोन खणांची पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. पेटी म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असतील, म्हणून आधीच सांगून टाकते, मी दागिन्यांची नव्हे आणि वाजवायचीही नव्हे. मी भाजीची पेटी. पाइनच्या फळ्यांची, उघड्या तोंडाची, आणि मध्ये एक उभी फळी ठोकलेली. माझ्या जन्मभराचा ताप म्हणजे ही मधली फळी.

माझा जन्म अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, एव्हरेट नावाच्या म्हाताऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. बाहेर कमरेएवढा बर्फ होता. एव्हरेटला रिकामं बसवत नसे, म्हणून हिवाळाभर तो कोरिनच्या शेतासाठी पेट्या ठोकत बसायचा. कोरिन म्हणजे नदीच्या वळणावर छोटीशी शेती करणारी बाई. गावातली माणसं हिवाळ्यातच आगाऊ पैसे भरून तिच्या येणाऱ्या पिकातला वाटा धरून ठेवायची आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर गुरुवारी कोठारात येऊन आपापला वाटा घेऊन जायची. एका वाट्याला एक पेटी. भाजी आपल्या पिशवीत ओतून घ्यायची आणि पेटी तिथंच ठेवायची, अशी रीत.

बाकी पेट्यांना मधली फळी नव्हती. मला एकटीलाच होती, कारण माझ्यातला वाटा दोन घरांत जायचा. एक घर एव्हरेट आणि त्याची बायको युनिस यांचं. दुसरं एव्हरेटच्या धाकट्या बहिणीचं, व्हर्नाचं. व्हर्नानं लग्न केलं नव्हतं. ती त्याच रस्त्यावर, टेकाडाच्या पलीकडे एकटी राहायची. या नणंद-भावजयींचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ! मुळ्याच्या जुडीवरूनसुद्धा त्यांची जुंपायची.

"दोघी मिळून माझं डोकं खाता," एव्हरेट म्हणायचा. "आता ही फळीच काय ते बघून घेईल."

तिकडे माणसं दोन, इकडे एक, म्हणून त्यानं फळी बरोबर मध्ये न ठोकता एका बाजूला सरकवून ठोकली. मोठा खण नवराबायकोचा, लहान खण व्हर्नाचा. वाटणीही तो स्वतःच करायचा. युनिस कुणाशी बोलण्यात गुंतली की लहान खणात हळूच एखादं कणीस जास्तीचं सरकवायचा. युनिसला ते दिसायचं, पण ती तोंड फिरवून हसायची. फार चांगले दिवस होते ते.

शेतातला वाटा म्हणजे काय, हे तुम्हाला मुलांनो ठाऊक नसणार. मोठ्यांनाही नसतं! दर जूनला नवे वाटेकरी यायचे, रिकाम्या पेट्यांवरून नजर फिरवायचे आणि विचारायचे, "टोमॅटो कुठं आहेत?"

"जूनमध्ये?" कोरिन म्हणायची. "खिशात घेऊन फिरते की काय मी? बाई गं, इथं हवं ते मिळत नाही, येईल ते मिळतं. आत्ता पाला येईल. पाला खाऊन कंटाळाल, तेव्हा मटार येईल. मग झुकिनी येईल, ती बघून पळत सुटाल. टोमॅटो येतील तेव्हा येतील. गारा पडल्या तर नाहीच येणार."

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, मी अंगावर सोसलं आहे. जूनमध्ये माझ्यात ओला लेट्यूस, पालक आणि लसणाचे कोवळे वेटोळे दांडे. मग जेमतेम एक डबाभर स्ट्रॉबेरी, तिचा लाल डाग अजून माझ्या तळाशी आहे. जुलैत बीट आणि ते विचित्र नवलकोल, ज्याच्याकडे माणसं ते परग्रहावरून आल्यासारखं बघतात. ऑगस्टमध्ये काकडीसारखी दिसणारी ती झुकिनी, झुकिनी आणि झुकिनी. या गावात एरवी कुणी गाडीला कुलूप लावत नाही, पण ऑगस्टमध्ये लावतात. चोराची भीती नसते हो, कुणीतरी मागच्या सीटवर झुकिनी टाकून पळेल याची असते. मग मका, टोमॅटो, खरबूज. थंडी पडली की लाल भोपळे, आणि शेवटी मातीनं माखलेले बटाटे. त्यानंतर आम्हा पेट्यांना एकीवर एक रचून कोठाराच्या कोपऱ्यात ठेवत. हिवाळाभर कुणी फिरकत नसे. पण जून येणार हे माहीत असल्यामुळे तो एकटेपणा मला कधी जड गेला नाही.

मग एका हिवाळ्यात एव्हरेट गेला. मला कुणी सांगितलं नाही. पेटीला कोण सांगणार! जूनच्या पहिल्या गुरुवारी व्हर्ना एकटी आली, भलतीच लवकर, आणि तिच्या हातात हातोडी होती. तिनं मला टेबलावर घेतलं, मधल्या फळीचे खिळे एकेक करून उपटले, फळी बरोबर मध्ये आणली आणि पुन्हा ठोकली. तिला ते काम येत नव्हतं. दोन खिळे वाकले, एक तिच्या बोटाला लागला. तिचे डोळे भरून वाहत होते आणि मी वेडी समजले की बोट दुखतं आहे. मग तिनं पालक, मुळे, लेट्यूस दोन्ही खणांत निम्मं निम्मं लावलं.

तेवढ्यात युनिस आली. तिच्या अंगावर एव्हरेटचा जुना कोट होता, बाह्या दुमडलेल्या.

"हे काय केलंस?" ती म्हणाली.

"आता आपण दोघीच आहोत," व्हर्ना म्हणाली. "म्हणून सारखं केलं. मी वाटलंय, तू आधी उचल. आमच्या आईचा नियम होता. एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं. एव्हरेट आणि मी असेच वाढलो."

"त्याची जागा उपटून काढलीस तू."

"युनिस, फळी आहे ती."

"त्यानं लावलेली फळी आहे! एक उन्हाळा तरी थांबायचं होतंस. सख्खा भाऊ होता ना तुझा?"

"म्हणूनच तर मी..."

"कळलं मला. वाटा वाढवून हवा होता तुला. घे मग!" असं म्हणून युनिसनं आपल्या खणातला सगळा पाला उचलून व्हर्नाच्या खणात कोंबला आणि ती रिकाम्या पिशवीनं निघून गेली.

आजूबाजूचे वाटेकरी एकदम आपापल्या मुळ्यांकडे बघू लागले. व्हर्ना उभीच होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, जा तिच्या मागे! पण पेटीचं ऐकतो कोण?

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. आणि मित्रांनो, त्या दोघींना एकमेकींशिवाय दुसरं कुणीच नव्हतं. युनिसचा मुलगा दूर पश्चिमेला, वर्षाकाठी एकदा येणारा. व्हर्नाकडे तर एक मांजरसुद्धा नव्हतं. आता दोघी एकाच रस्त्यावर, एका टेकाडाच्या दोन बाजूंना, आपापल्या स्वयंपाकघरात एकेकट्या जेवायला बसत असतील, हे माझ्या डोक्यातून जाईना.

वाटा मात्र दोघींच्या नावावर एकच होता, तो कोण सोडणार? व्हर्ना लवकर यायची आणि दोन्ही खण भरायची. पण स्वतःचं उचलायची नाही. आईचा नियम! ती बाहेर आपल्या गाडीत जाऊन बसायची. उकाडा असो, पाऊस असो, खिडकी उघडी टाकून समोर बघत बसायची. मग युनिस यायची, त्या गाडीकडे ढुंकूनही न बघता आत शिरायची आणि मुद्दाम ज्या खणात कमी दिसेल तोच उचलायची. ती गेली की व्हर्ना येऊन उरलेलं घ्यायची. ऑगस्टमध्ये त्या उघड्या खिडकीतून येणाराजाणारा तिच्या गाडीत झुकिनी टाकायचा. ती काही म्हणायची नाही. कुणी आपल्या गाडीपाशी थांबलं, एवढंच तिला पुरत असावं.

"व्हर्ना, तुम्ही आत येऊन बसा ना," कोरिन एकदा म्हणाली.

"मी आत असले तर ती यायची नाही," व्हर्ना म्हणाली. "मग उपाशी राहील. हट्टी आहे मेली."

युनिस मुद्दाम कमी दिसणारा खण उचलते, हे व्हर्नाच्या लवकरच ध्यानात आलं. मग तिनं काय करावं? एका खणात वर नुसता केल नावाचा राठ पाला पसरायची, बघणाऱ्याला वाटावं की काय दरिद्री वाटा आहे हा. आणि खाली सगळ्यात चांगल्या वस्तू लपवायची. पहिल्यांदा तिनं तशी स्ट्रॉबेरी ठेवली. युनिसनं पाला उचलला आणि तिचा हात तिथंच थांबला.  मग तिनं अर्धी स्ट्रॉबेरी ओंजळीत घेतली आणि फळीवरून पलीकडे, व्हर्नाच्या खणात ठेवली. दोघी एक शब्दही बोलल्या नाहीत, पण उन्हाळाभर माझ्या त्या फळीवरून वस्तू अशा इकडून तिकडे जात राहिल्या. मी मनात म्हणायची, आज बोलतील. आज नाही तर पुढच्या गुरुवारी बोलतील.

मग गारा पडल्या. एका दुपारी कोठाराच्या पत्र्यावर असा काही मारा झाला की मी वासरागत थरथरले. मका झोपला, टोमॅटो फुटले. कोरिन चिखलात उभी राहून मोठ्यानं रडली आणि मग उरलंसुरलं वेचायला लागली. नव्या वाटेकऱ्यांपैकी काही जण रुसून आलेच नाहीत. जुने आले आणि पेटीत होतं ते मुकाट्यानं घेऊन गेले. त्या आठवड्यात प्रत्येक पेटीला एकच खरबूज होतं.

एव्हरेटचा खरबुजावर भारी जीव. व्हर्नानं ते हातात फिरवून फिरवून पाहिलं. अखेर तिनं ते एका खणात ठेवलं, वर केल पसरलं आणि ती गाडीत जाऊन बसली.

युनिसनं पाला उचलला. खरबूज दिसताच तिनं दोन्ही हात मागे घेतले. ते काही अर्धं करून फळीपलीकडे ठेवता येण्यासारखं नव्हतं. तिनं पाला पुन्हा त्याच्यावर नीट पांघरला आणि काहीही न घेता ती निघून गेली. व्हर्नानं गाडीतून पाहिलं, तिची पिशवी रिकामी होती.

त्यानंतरच्या गुरुवारी युनिस आली नाही. त्याच्याही पुढच्या गुरुवारी आली नाही. व्हर्ना दर वेळी दोन्ही खण भरायची, दिवस मावळेपर्यंत गाडीत बसायची आणि तशीच परत जायची. युनिसनं आधी उचललं नाही, तर ती कशी उचलणार? भाजी माझ्यात पडून सुकायची आणि शेवटी कोरिन ती कोंबड्यांना घालायची. एवढी वाईट अवस्था माझी कधी झाली नव्हती. दोन खण तुडुंब भरलेले आणि उचलायला कुणी नाही. रिकामी पेटी वाट बघू शकते हो, भरलेल्या पेटीला नुसतं सडताना बघावं लागतं.

ऑक्टोबर आला. थंडी पडली. पुढच्या वर्षाचे वाटे ठरवायची ती वेळ.

"तुमचं काय करू?" कोरिननं व्हर्नाला विचारलं. "अर्धा वाटा मी देत नाही. दोघींनी मिळून सांगितलं तरच तुमची पेटी ठेवते, नाहीतर दुसरं कुटुंब रांगेत आहे. तुम्ही जाऊन विचारा ना तिला. आजारीबिजारी तर नाही?"

 आजाराचं व्हर्नाच्या मनातच आलं नव्हतं. एवढे दिवस ती याला युनिसचा हट्टच समजत होती. तिनं मला भाजीसकट उचललं, गाडीत घातलं आणि कोठाराबाहेर काढलं. एव्हरेटनं आणून ठेवल्यापासून मी पहिल्यांदाच कोठार सोडत होते. टेकाडावरून गाडी अशी उधळली की माझ्यातले बटाटे एकमेकांवर आपटत होते.

युनिसच्या पडवीत मला ठेवून व्हर्नानं दार वाजवलं. मग थोपटलं. मग अक्षरशः बडवलं.

"आले, आले! दार मोडतेस की काय?" दार उघडलं. युनिस धडधाकट होती, फक्त वाळली होती फार. अंगावर तोच कोट होता.

"जिवंत आहेस!" व्हर्ना म्हणाली आणि तिथंच पायरीवर मटकन बसली.

"न असायला काय झालं? कशाला आलीस?"

"वाटा घेऊन आले. मी वाटलंय. तू आधी उचल."

"मला नको. दोन्ही तूच घे. तुला जास्त हवंच होतं."

"इतके दिवस आली का नाहीस?"

युनिस दाराच्या चौकटीला टेकली. मग म्हणाली, "त्या खरबुजामुळे. एकटीनं अख्खं कापायचं, अर्धं खायचं आणि अर्धं टाकून द्यायचं? मला नाही जमायचं. सूप करायला गेले तर पातेलं भरतं आणि मग आठवडाभर तेच खायचं. एकटीसाठी चूलच पेटवावीशी वाटत नाही गं. टोस्ट खाते."

"मी आयुष्यभर अर्धं टाकत आलेय," व्हर्ना म्हणाली.

"म्हणजे?"

"लहान खणसुद्धा मला जास्तच व्हायचा. शेजारच्या कुत्र्याला गाजरं घालायचे मी. आधी खायचा नाही, मग सवय झाली त्याला."

"मग फळी कशाला हलवलीस?" युनिसचा आवाज चढला. "खपत नव्हतं, तर निम्मं कशाला हवं होतं?"

"जास्त नको होतं गं मला. सारखं हवं होतं. दर गुरुवारी तुम्ही दोघं तिकडे आणि मी इकडे, लहान खणात. तो गेला, माझाही भाऊ गेला. मला वाटलं, आता तरी आपण दोघी एका बाजूला आहोत. म्हणून हातोडी घेऊन आले. मला दुसरं काही सुचलं नाही."

पडवीत वारा भिरभिरत होता. मी दोघींच्या मध्ये, जमिनीवर. माझ्या मालकाच्या हातची फळी माझ्यात होती, ती त्यानं भांडण मिटवायला लावली होती आणि तिच्या लहान बाजूला त्याची बहीण एवढी वर्षं एकटी बसली होती, हे ना त्याला कळलं ना मला. मी तर तिचा खण दर गुरुवारी पोटात बाळगत होते. मला फार वाईट वाटलं.

"हे तेव्हा का नाही बोललीस?" युनिस म्हणाली.

"तू बोलू दिलंस?"

युनिसनं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. "ऊठ. पायरीवर बसून मूळव्याध होईल. आत ये आणि दार लाव, गारठा येतोय. ते बटाटे घे. कांदा आहे माझ्याकडे."

"कुठल्या खणातले घेऊ?"

"आता खणाचं काय घेऊन बसलीस? सगळे घे!"

व्हर्नानं दोन्ही हातांनी दोन्ही खण उपसले आणि युनिसनं धरलेल्या कोटाच्या ओच्यात भरभरून टाकले. दार लागलं. थोड्या वेळानं आतून सूप उकळल्याचा वास आला, आणि मीठ किती घालायचं यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण जुंपलं. इतकं गोड भांडण मी जन्मात ऐकलं नव्हतं.

पण मित्रांनो, मला आत घ्यायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. कोरिनला त्यांनी होकार कळवला. पुढच्या जूनमध्ये दोघी एकाच गाडीतून कोठारात गेल्या आणि येताना सगळी भाजी एका पिशवीत घेऊन आल्या. एकाच ताटलीत जेवल्यासारखं झालं त्यांचं. वाटणीच राहिली नाही, मग दोन खणांच्या पेटीचं काय काम? कोरिन एकदा मला न्यायला आली होती.

"राहू दे गं तिला," युनिस म्हणाली, "बूट ठेवायला बरी पडते."

तेव्हापासून मी याच पडवीत आहे. एका खणात युनिसचे बूट, दुसऱ्यात व्हर्नाचे, दोन्ही चिखलाचे. कोठारातल्या माझ्या बहिणी मला आठवतात. गुरुवार आला की माझ्या फळ्या आपोआप ताठ होतात आणि मग आठवतं की आता कुणी काही भरणार नाही. मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? ज्या कामासाठी मला ठोकलं, ते संपलं. आणि ते संपावं म्हणून मीच उन्हाळाभर मनातल्या मनात तळमळत होते.

म्हणून एवढंच मागते, मुलांनो. तुमच्या आळीत कुणी एकटं जेवत असेल, तर त्याच्या दाराशी वाटी ठेवून तसाच पळ काढू नका. दार वाजवा. उघडेपर्यंत वाजवा, आणि आत बोलावलं तर जा. आणि परत निघताना दाराशी एखादी जुनी पेटी बर्फात बसलेली दिसली, तर तिच्यावरचा बर्फ तेवढा हातानं झटका.